हरदासकाकांची नायिका

हरदासकाकांवर लिही, असं मेधा मला कधीपासून म्हणते आहे. "तू छान लिहिशील," असंही म्हणते. मी काही छान करीन असं माझ्या बायकोला वाटण्याचे प्रसंग तसे थोडेच. त्यातला एक नेमका या माणसाच्या वाट्याला जावा, यावरूनच काय ते समजा. तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी काकांवर जळत होतो. ते आता अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला मुलीकडे राहतात, ठणठणीत आहेत, फोनवर त्यांचा आवाज खणखणीत येतो, आणि मी अजूनही जळतो.

शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या शेजारचं घर त्यांचं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. काका मूळचे नागपूरचे. सोव्हिएत युनियन शाबूत होतं तेव्हा शिष्यवृत्ती मिळवून धातुशास्त्र शिकायला लेनिनग्राडला गेलेले, मग परत भारतात, मग अमेरिकेत नोकरी आणि इथेच निवृत्ती. उंच, रुंद, डोक्यावर भरगच्च पांढरे केस. माझे त्याच सुमारास गळायला लागले होते, त्यामुळे ते केस मला पहिल्या दिवसापासून खटकले. शिकागोकडच्या थंडीत आम्ही सगळे कानटोपीत गुंडाळलेले, आणि हा माणूस बोडक्या डोक्याने बर्फ उपसतोय. "काका, टोपी घाला," असं मी एकदा म्हणालो. "ही थंडी नाही रे," ते म्हणाले, "ही थंडीची रंगीत तालीम आहे." मेधा हसली. तसंच वाक्य मी दुसऱ्या दिवशी म्हणून पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "हे काकांचं आहे ना?"

कसं काय विचारलं की ते 'नर्माल्ना' म्हणत. म्हणजे रशियनमध्ये ठीक आहे. गुडघा दुखतोय, नर्माल्ना. गाडी सुरू होत नाही, नर्माल्ना. पुढे पुढे आमच्या घरातही पोळी करपली की मेधा 'नर्माल्ना' म्हणायला लागली.

मेधाही नागपूरची. हे कळल्यावर काकांनी तिला जे 'पोरी' म्हणायला सुरुवात केली ते शेवटपर्यंत. लगेच दोघांना सीताबर्डीवरची दुकानं आठवायला लागली, कुठल्या गल्लीतली कचोरी आणि कुठल्या शाळेतले मास्तर. मी पुण्याचा. मी मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीने बघायचो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. काका वयाने माझ्या सासऱ्यांच्या आगेमागे. यात कुणी भलतंसलतं काही वाचू नये. तसं काही नव्हतं आणि तसं काही असेल असं मलाही कधी वाटलं नाही. माझं दुखणं वेगळं होतं. मेधा त्यांच्याशी बोलायची. माझ्याशी ती बोलायची ते दूध संपलंय, गॅरेजचं दार उघडं राहिलंय, ईराच्या दातांची अपॉइंटमेंट रीशेड्यूल झाली आहे. एवढंच. आणि काकांच्या ओट्यापाशी उभी राहून ती हातवारे करत काहीतरी सांगते आहे, हे मी आमच्या खिडकीतून बघायचो. ऐकू काही यायचं नाही. बघणं मात्र व्हायचं.

काकांचा चहा म्हणजे एक प्रकरणच होतं. काळा, कडक, काचेच्या पेल्यात, आणि शेजारी बशीत चमचाभर मुरांबा. रशियात जॅमबरोबर चहा पितात. काकांनी त्याचं नागपुरी रूप केलेलं. चमचा चाटायचा आणि वर घोट घ्यायचा. मेधाला लग्नापासून आल्याचा चहा मी करून देतो; माझ्या हातची तेवढी एकच गोष्ट तिला आवडते, असं मी समजत होतो. एका रविवारी तिने माझा कप बाजूला सारला आणि म्हणाली, "दूध नको रे, आज काळाच घेते." मग फ्रीजमधून मुरांब्याची बरणी काढली. तो आल्याचा चहा मीच दोन्ही कप प्यायलो आणि दिवसभर मला जळजळलं.

फुलांचं तर विचारूच नका. मेधाच्या वाढदिवसाला काका तीन ट्युलिप घेऊन आले. तीनच. मी मनात म्हटलं, कंजूष आहेत. मेधाने ती उंच पेल्यात ठेवून आठवडाभर जपली. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. मी चुरशीने बारा लाल गुलाबांचा गुच्छ आणला. आयुष्यात पहिल्यांदाच आणला. मेधाने तो हातात घेतला, वास घेतला, आणि मग मोजायला लागली.

"बारा?"

"डझन," मी अभिमानाने म्हणालो.

"अरे, सम संख्या! रशियात अशी फुलं मेलेल्या माणसाला देतात. काका म्हणाले."

"आपण रशियात राहतो का?"

"तसं नाही रे," असं म्हणत तिने त्यातला एक गुलाब काढून ईराला दिला. ईरा चौदा वर्षांची, सगळं बघत होती. ती म्हणाली, "बाबा, यू आर सो जेलस." आमची मुलगी मराठी समजते पण बोलत नाही. काकांशी मात्र बोलायची. मोडकंतोडकं का होईना, मराठीत बोलायची.

पण हे सगळं वरवरचं. खरं प्रकरण सिनेमाचं.

काकांकडे त्यांच्या विद्यार्थिदशेतला एक रशियन सिनेमा होता. प्रेमाचा, हसवणारा, मध्येच गळ्याशी येणारा. दर हिवाळ्यात, बर्फाने सगळे घरात कोंडले गेले की एका शनिवारी दुपारी ते आपल्या बेसमेंटमध्ये तो दाखवत. आसपासची मराठी मंडळी डबे घेऊन जमायची. इंग्रजी सबटायटल्स काका लावू देत नसत. "सबटायटल वाचणारा माणूस नटाचा चेहरा कधी बघत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत तिकडे परदेशी सिनेमे दाखवत तेव्हा एक माणूस माइक घेऊन बसायचा आणि सगळ्यांचे संवाद एकट्याने, एका सुरात, रशियनमध्ये म्हणत जायचा. काका तेच मराठीत करायचे. टीव्हीचा आवाज बारीक, सोफ्याच्या मागे उंच स्टुलावर काका, आणि नायक, नायिका, नायिकेची आई, स्टेशनमास्तर, सगळे त्यांच्या त्या खर्जातून मराठी बोलतायत. सिनेमाचं नाव विचारलं की म्हणत, "नावात शेवट आहे, म्हणून सांगत नाही."

गोष्ट साधी. एका मोठ्या रेल्वे स्टेशनवर हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस. तिथल्या खिडकीत चाळिशीची एक बाई, चेहरा कायम आंबट. भूगोलाचा एक वेंधळा मास्तर आपली हरवलेली छत्री न्यायला येतो आणि मग दर शनिवारी येतच राहतो. दर वेळी असं काहीतरी मागतो जे त्याचं नाही. कुणाची टोपी, कुणाचा एकच पायमोजा, एकदा तर कुणाचं भलंमोठं पितळी वाद्य, ट्रॉम्बोन. बाईला सगळं कळत असतं. तरी ती नियमाप्रमाणे सही घेते आणि वस्तू देते. मग खरा मालक उगवतो आणि मास्तर ट्रॉम्बोन घेऊन धावत परत येतो. मंडळी हसून लोळायची. मीही हसायचो, तेव्हा मला कुठे माहीत होतं.

एका वर्षी काकांनी जाहीर केलं की त्यांच्या घशात आता बाई मावत नाही, नायिकेसाठी कुणीतरी हवं. मेधाने हात वर केला. मी चमकलोच. कॉलेजात असताना ती एकांकिका करायची, बक्षिसंही मिळवलेली. लग्नानंतर इकडे आलो ते माझ्या नोकरीवर. सुरुवातीची वर्षं व्हिसामुळे ती घरी, मग ईरा, मग एका इन्शुरन्स कंपनीचं घरून करायचं टेस्टिंगचं काम. नाटकाचा विषय आमच्यात कधी निघालाच नाही. तालमीसाठी ती काकांकडे जायला लागली. परत येताना तिचे गाल लाल असायचे. थंडीनेच, पण असायचे.

शोच्या दिवशी काकांनी मला शिकागोतल्या देशी बाजारात, डेव्हनला, समोसे आणायला पाठवलं. आता नेपरव्हिलहून डेव्हन ॲव्हेन्यू म्हणजे काही शेजार नाही. त्यात शनिवार, त्यात बर्फाचे ढीग रस्त्याच्या कडेला, पार्किंग मिळता मिळेना. मनात आलं, हे मुद्दाम तर नाही? सगळी माणसं सोडून समोशांना मीच का? फॉइलचे ट्रे घेऊन परत आलो तोवर सिनेमा बराच पुढे गेलेला. बेसमेंटच्या जिन्यावर अर्ध्यात आलो आणि मेधाचा आवाज ऐकला.

"सगळं मागून झालं तुझं," ती म्हणत होती. "छत्री मागितलीस, टोपी मागितलीस, दुसऱ्याचा पायमोजासुद्धा मागितलास. मी या खिडकीत इतकी वर्षं बसले आहे. मला कधी मागणार?"

पडद्यावर ती बाई टेबलावर काहीतरी शोधत होती. मेधा काकांच्या शेजारच्या स्टुलावर बसली होती, आणि हा आवाज मी घरात कधी ऐकलेला नव्हता. काकांनी त्यांच्या त्या जाड आवाजात म्हटलं, "तुलाच मागायचं होतं. धीर होत नव्हता." कुणीतरी नाक ओढलं. समोशांचा ट्रे पोटाला भाजत होता तरी मी हललो नाही.

माझ्या बायकोच्या तोंडी असली वाक्यं घालणारे हे कोण? हा प्रश्न मला आठवडाभर चावत राहिला. पुढच्या शनिवारी काकांकडे शोच्या खुर्च्या आवरायला गेलो तेव्हा सिनेमाच्या सीडीच्या कव्हरचा फोटो काढला. फोनने रशियन अक्षरं लावली. नावात शेवट वगैरे काही नव्हता. नाव होतं 'खिडकी क्रमांक चार'. ऑफिसात लंचच्या वेळी गाडीत बसून मी तो सिनेमा इंग्रजी सबटायटल्ससकट शोधून काढला आणि तो प्रसंग बघितला. बाई टेबलावर शोधाशोध करते. बराच वेळ करते. मग म्हणते, "सही करा." तो विचारतो, "पेन आहे का?" संपलं. बाकी काही नाही. मी तीनदा मागे नेऊन बघितलं.

त्या संध्याकाळी काका ड्राइव्हवेवर बर्फ उपसत होते. मी माझं फावडं घेऊन गेलो, मदतीला म्हणून नव्हे.

"काका, मी ओरिजिनल पाहिला."

"हं."

"ती फक्त सही करा म्हणते. तुम्ही मेधाला जे म्हणायला लावलंत..."

"मी नाही लावलं," ते म्हणाले. फावडं थांबलं नाही. "ती बाई तिथे पेन शोधत बसते. रशियन लोकांना चालतं, ते बघत राहतात. आपली माणसं लगेच फोन काढतात. म्हणून मी पोरीला म्हटलं, इथे गप्प बसू नको, काहीतरी बोल. काय बोलायचं ते तिचं. मी तर तालमीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उत्तर द्यायला मलाच सुचेना."

"पण दिलंत."

"कुणीतरी द्यायला हवं होतं ना." मग ते सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रशांत, तुझी तक्रार नेमकी काय आहे? ती हे बोलली ही, की माझ्या बेसमेंटमध्ये बोलली ही?"

मला इतका राग आला की मी त्यांचा उरलेला सगळा ड्राइव्हवे एकट्याने साफ केला.

घरी जाऊन मेधाला विचारावं असं फार वाटत होतं. विचारलं नाही. काय विचारणार? ते वाक्य कुणासाठी होतं, असं? ती म्हणाली असती, सिनेमातल्या मास्तरसाठी. मग मी काय म्हणणार होतो? त्यापेक्षा मी गॅरेजचं दार बंद आहे का ते बघून आलो.

पुढच्या हिवाळ्यात काकांच्या मुलीने त्यांचं बॉथेलला जाणं पक्कं केलं. गुडघे साथ देईनात, आणि जिने असलेल्या घरात बापाने एकटं राहावं हे तिला पटत नव्हतं. घर विकायला निघालं. जाण्याआधीचा शेवटचा शो ठरला, आणि नेमका त्या आठवड्यात काकांचा घसा बसला. सर्दीने असा बसला की नर्माल्नासुद्धा उमटेना. त्यांनी खुणेनेच मला जवळ बोलावलं आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. सगळी मंडळी वळून बघायला लागली. मेधा आपल्या कागदांकडे बघत होती.

मी तयार होतो. खरंच. गाडीत बसून मी तो सिनेमा इतक्यांदा बघितला होता की मास्तरचं वाक्यन् वाक्य मला पाठ होतं. पहिल्या तासात मी एकदाही अडखळलो नाही. मंडळी हसत होती, ईरा मला अंगठा दाखवत होती, आणि मागे खुर्चीवर घशाला मफलर गुंडाळून बसलेल्या काकांकडे मी दोनदा मान वळवून बघितलं. विजेत्याने बघावं तसं.

मग तो प्रसंग आला. बाई पेन शोधायला लागली.

मेधाने कागद मांडीवर ठेवले. ती पडद्याकडे बघत नव्हती. "यंदा काही मागायचं नाहीये का?" ती म्हणाली. "मी विचारतेय. इतकी वर्षं समोर बसतोस. मी इथे असावं असं तुला वाटतं, की कुणीतरी असलं म्हणजे झालं?"

हे वाक्य गेल्या वर्षीचं नव्हतं. हे कुठलंच नव्हतं. समोर सगळे शेजारी, त्यांच्या मांडीवर कागदी बशा, पडद्यावर मास्तरचे ओठ हलायला लागले, आणि पाठ केलेलं जे होतं तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"पेन आहे का?"

बेसमेंट हसण्याने दणाणलं. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा हशा. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी म्हणालं, "प्रशांत, काय टायमिंग यार!" मेधा हसली नाही. तिने कागद उचलले आणि पुढचं वाक्य वाचलं, जसं होतं तसं. काका मागून काहीतरी म्हणाले, पण घशातून नुसती हवा आली. ते उत्तर काय होतं हे मला आजही माहीत नाही. तिला मात्र कळलं असावं. तिने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी जितका जळलो तितका फुलांवर नाही आणि मुरांब्यावरही नाही.

काका गेले तो दिवस लख्ख उन्हाचा होता. विमानतळावर पोचवायचं काम आमच्याकडे. बॅगा गाडीत चढवायच्या आधी त्यांनी आम्हाला रिकाम्या हॉलमध्ये बसवलं. प्रवासाला निघण्यापूर्वी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, अशी तिकडची पद्धत. काका बॅगेवर बसले, मेधा आणि ईरा जिन्याच्या पायरीवर, मी उकिडवा. मला वाटलं, गप्प बसण्याची माझ्याइतकी सवय इथे कुणाला नाही, आणि तरी मला तिथे दम निघेना. मीच पहिल्यांदा उठलो आणि ट्रॅफिकचं काहीतरी बोललो.

विमानतळावर मेधा त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ईराला जवळ घेतलं, मला मिठी मारली, चांगली घट्ट, पाठीचं हाड वाजेल अशी. मग ते सिक्युरिटीच्या रांगेत शिरले. दोरीच्या वळणांमधून जाताना मागच्या गोऱ्या बाईला त्यांनी काहीतरी सांगितलं, आणि ती बाई डोकं मागे टाकून हसली. एवढ्याशा वेळात! ईरा तिच्या फोनसह बाकावर जाऊन बसली. मेधा दोरीला धरून उभी होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"गेले," ती म्हणाली. "आता मी कुणाशी बोलू?"

कुणाचं वाक्य नव्हतं ते, तिचंच होतं. समोर पडदा नव्हता, मंडळी नव्हती. मी म्हणालो, "माझ्याशी."

ती वळली. माझ्याकडे बघत राहिली, जणू पहिल्यांदाच नीट बघतेय.

"बोल मग," ती म्हणाली.

तोंड उघडलं आणि काही आठवेना. माझी नजर, मला नको असताना, दोरीपलीकडे काकांना शोधायला गेली. ते तपासणी संपवून बाकावर बसले होते, वाकून बुटाच्या नाड्या बांधत होते. एक बांधून झाली, दुसरी घेतली. त्यांनी वर बघितलंच नाही.